बाबांच्या वजनाचं उद्यापन

उतरवलेलं वजन परत कुठून येतं, हे कोडं शाल्मलीला काही केल्या सुटत नव्हतं.

तिचे बाबा जयवंतराव चांदणीनगरच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवत. दोन वर्षं त्यांनी वजन उतरवण्याचं दर आठवड्याचं इंजेक्शन, मोजका आहार आणि व्यायाम नेटानं सांभाळला. वजन उतरलं, साखर, रक्तदाब ताळ्यावर आले. मग काय, आपल्याकडची रीतच ती! व्रत पुरं झालं म्हणून त्यांनी थाटात उद्यापन केलं, शेजारपाजाऱ्यांना पुरणपोळ्या वाढल्या आणि इंजेक्शन बंद करून टाकलं. वर्षभरात वजन परत आलं, पाठोपाठ रक्तदाबही वाढला. आता लाजेनं ते ना पाण्यात उतरत, ना तपासणीला जात. आजोबा पन्नाशीतच हृदयविकारानं गेले होते, त्यामुळे शाल्मलीनं त्यांच्यामागे तपासणीचा लकडा लावला होता.

शेवटी तिनं आरोग्यकेंद्राच्या यंत्रमानवाला, गोटूला, घरी बोलावलं. बाबा मान खाली घालून म्हणाले, की चूक माझीच, माझा जिभेवर ताबा नाही.

“भुकेची सूत्रं मेंदूच्या हाती असतात,” गोटू म्हणाला. मग त्यानं सावकाश समजावलं. वजन उतरलं तरी चरबीच्या पेशी (चरबी साठवणाऱ्या इवल्या पिशव्या) नाहीशा होत नाहीत, नुसत्या आकसतात. त्यांच्याकडून येणारं लेप्टिन (साठा पुरेसा आहे असा मेंदूला निरोप देणारं द्रव्य) कमी होतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो आणि चयापचय (अन्नातून ऊर्जा मिळवण्याचं आणि वापरण्याचं शरीराचं काम) मंदावतो. इंजेक्शन त्या भुकेला आवर घालत होतं. ते थांबताच मेंदूनं साठा पुन्हा भरून घेतला.

“म्हणजे बाबा आळशी नाहीत?”

“मुळीच नाहीत.”

बाबांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, की मग याचं उद्यापन करायचं तरी कधी? गोटू गोंधळला. हा शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता.

“बाबा,” शाल्मली म्हणाली, “दात घासण्याचं उद्यापन केलंत का कधी?”

बाबा पोट धरून हसले. डॉक्टरांची वेळ त्यांनी तिथल्या तिथे ठरवली. कोणतं औषध, किती, ते डॉक्टरच ठरवतील, असं गोटूनं बजावलं. वजन थोडं खालीवर होईल, पण सांभाळत राहिलं की हृदयावरचा भार हलका होतो, हेही सांगितलं.

पुढच्या रविवारी शाल्मली तलावात पाय सोडून बसली होती. बाबा शर्ट काढून आले. पोट होतं तेवढंच होतं. त्यांनी सरळ उडी घेतली आणि तिला नखशिखांत भिजवलं.