गुंडेरावांचं नाक

रिकामी खुर्ची एकच होती, आणि ती माझ्यासमोर होती.

नंजनगूडच्या त्या हॉटेलात रविवारी सकाळी कुणी विचारत नाही. खुर्ची दिसली की बसतात, दुसऱ्याच्या चटणीत कोपर घालून बसतात. हे गृहस्थ मात्र खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"बसू का?"

मराठीत विचारलं. मी वर बघितलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट कातरलेली मिशी, वय माझ्या आसपास. आम्ही तिघी केव्हापासून मराठीत भांडत होतो, ते ऐकलं असणार.

"खुर्ची माझ्या बापाची नाही," मी म्हटलं. "बसा."

ते बसले... आणि हसले. मी असं बोलले की लोक गप्प होतात. हसत नाहीत. तिथंच माझं लक्ष गेलं.

आम्ही तिघी म्हणजे मी भागीरथी, शेजारची सुष्मा आणि जयवंती टीचर. सुष्मानं नोकरी संपल्यावर गाडी घेतली आणि मग चालवायला शिकली, त्याच क्रमानं. तिच्याच डोक्यातून निघालं हे. एका दिवसात तीन गावं, तीन हॉटेलं. सकाळी नंजनगूडला दोसा, दुपारी टी. नरसीपूरला पानावरचं जेवण, संध्याकाळी परत येताना वरुण्याला कॉफी. घरी थोरल्या सुनेनं विचारलं, "कुठं निघालात, अत्ते?" म्हटलं, "खायला." तिला वाटलं मी रागावलेय.

दोसा चांगला होता. कडेला कुरकुरीत, मधे मऊ, लोण्याचा गोळा वितळत चाललेला. मग कॉफी आली. मी पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"दूध लागलंय."

सुष्मानं नाक मुरडलं. जयवंतीनं सगळ्या वर्गाला छडी मारावी तसा पेला ढकलला. तिघींची कॉफी परत गेली. समोरचे गृहस्थ मात्र पीत राहिले. सावकाश, तळाच्या थेंबापर्यंत.

"अहो, दूध लागलंय," मी त्यांना म्हटलं.

"हो का?"

"हो का काय? जळका वास नाकात शिरतोय. घरी बरी कॉफी कुणी देत नाही वाटतं."

"घरी कुणी नाहीच," ते म्हणाले. साधं बोलले, कुणी वेळ सांगावी तसं.

जयवंतीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. माफी मागणं मला येत नाही. मी म्हटलं, "थांबा, दुसरी मागवते तुम्हाला."

"नको. मला चालते."

ते उठले, गल्ल्यापाशी गेले, मालकाशी हळू आवाजात काहीतरी बोलले. मालकानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. मग ते बाहेर पडले, बसस्टँडच्या दिशेनं.

कोण असेल हा माणूस? गाडीत तोच विषय.

"सरकारी तपासणीवाला असेल," सुष्मा म्हणाली.

"तपासणीवाला जळकी कॉफी पितो?"

"मग मालकाचा व्याही असेल," जयवंती म्हणाली. "हात असा व्याह्याचाच धरतात."

"तुम्हा दोघींना दुसरा उद्योग नाही," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघितलं. खरं म्हणजे मला दोसा आठवेना झाला होता. मिशी आठवत होती.

*

टी. नरसीपूरला पोचलो तर जेवणाची गर्दी भरात होती. सुष्मानं मला कोपर मारलं.

"नोडि, तो बघ, आपला माणूस."

"आपला कधीपासून झाला?" म्हटलं, पण बघितलंच. इथंही गल्ल्यापाशी, इथंही मालकाच्या कानाशी. आता मात्र मला राहवेना. मी सरळ गेले.

"तुम्ही आमच्या मागनं येताय का?"

ते वळले. ओळखलं, आणि परत तेच हसू. "मी बसनं आलो. मघाशीच पोचलो. मागनं तुम्ही येताय, बाई."

सुष्मा गाडी अशी चालवते की सायकलवाले मागनं घंटी वाजवतात, हे मी परक्या माणसाला काय सांगायचं?

"जेवलात का?" मी विचारलं.

"अजून नाही."

"मग चला. खुर्ची इथंही माझ्या बापाची नाही."

चौघं बसलो. पानं मांडली, पाणी शिंपडलं. नाव कळलं, गुंडेराव. आमच्याच शहरात लष्कर मोहल्ल्यात कॉफीच्या पुडीचं दुकान, वडिलांपासूनचं. बिया भाजणं, दळणं, चिकोरी मिसळणं, सगळं स्वतः. म्हणजे कॉफीवाला माणूस, आणि ती जळकी कॉफी तळापर्यंत प्याला? माझं डोकं भिरभिरायला लागलं.

कोसंबरी आली, बीन्सची पल्या, म्हणजे सुकी भाजी, आली, भात आला, चटणीपूड आली, तिच्यावर वाढप्यानं पळीभर तेल सोडलं. गुंडेरावांनी कालवायला घेतलं.

"तुपाला वास कसा आहे?" मी विचारलं.

"छान. घरचं दिसतंय."

"ते तेल आहे," मी म्हटलं. "तूप अजून यायचंय."

त्यांचा हात पानावर थांबला. सुष्मा आणि जयवंती भाताकडे बघायला लागल्या. मग गुंडेराव हळू म्हणाले, "मोठा ताप आला होता. ताप गेला तो नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले येईल परत... आलं नाही. खारट, आंबट, गोड, तिखट, एवढं जिभेला कळतं. त्याच्या पलीकडे भिंत."

"कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला. आत्तापासून."

कॉफीवाल्याचं नाक. सोनाराचे डोळे गेल्यासारखंच की. ते सांगत होते, गिऱ्हाईक तुटलं, लोकांना पाकिटातली पूड आवडायला लागली. हॉटेलं तीनच उरलीत. आज तिघांनाही तोंडानं सांगायचं की उद्यापासून पूड येणार नाही, म्हणून निघाले होते. उद्या दुपारी मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण यायचा आहे. त्याला होय म्हटलं की दुकान त्याचं.

"आणि तुम्ही?"

"भाऊ सरगूरला असतो. त्याच्या शेतावर एक खोली आहे." भाताचा घास उगीच गोल गोल फिरवत राहिले. मग एकदम वर बघितलं. "बाई, एक विचारू? हे सार... कसं आहे?"

"कसं म्हणजे?"

"वासाला. कुणी सांगितलंच नाही कधी. लोक छान म्हणतात आणि पुढं जातात."

मी चौथीत शाळा सोडलेली बाई. मला शोभेचे शब्द कुठून येणार? मी पेला उचलला, वास घेतला आणि जे दिसलं ते सांगितलं. "सार म्हणजे माझी मोठी जाऊ. दारात गोड हसणार, मांडी घालून बसणार, चौकशी करणार... आणि उठून गेल्यावर आपल्याला ठसका लागणार."

गुंडेराव असे हसले की शेजारच्या पंगतीनं माना वळवल्या.

"आणि पायस?"

"पायस म्हणजे सुष्माचा नवरा. सगळ्यांना आवडतो, दुसऱ्या वाटीला नको होतो."

"मी इथंच बसलेय, भागी," सुष्मा म्हणाली. "पण खरं आहे."

"आणि हे लिंबाचं लोणचं?"

"ते भागी स्वतःच," जयवंती म्हणाली.

गुंडेरावांनी वाढप्याला हाक मारली. "अण्णा, लोणचं आणखी वाढा." आणि वाढेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

माझे कान गरम झाले. तिखटानं झाले असतील.

*

त्यांचं तिसरं हॉटेल वरुण्याचंच निघालं. सुष्मा म्हणाली, बस कशाला, गाडी तिकडंच चाललीय. माझ्या गुडघ्यांमुळे पुढची जागा नेहमी माझी. त्या दिवशी मी मागं, गुंडेरावांशेजारी बसले. जयवंतीनं भुवया वर नेल्या. त्या बराच वेळ तिथंच राहिल्या.

वाटेत पावसाची सर आली. मार्चमधली, कॉफीच्या झाडांना फुलं आणणारी, असं गुंडेराव म्हणाले. काच थोडी खाली केली, हात बाहेर धरला.

"मातीला वास सुटला असेल ना?"

"मातीचं सगळेच सांगतात," मी म्हटलं. "मला त्या पुढच्या ओल्या म्हशीचा येतोय."

"कसा आहे?"

"रागावलेल्या बाईसारखा. उबदार आहे, पण जवळ जायची छाती पाहिजे."

ते हसले नाहीत. हात आत घेतला, ओला, आणि आमच्या दोघांच्या मधे सीटवर ठेवला. मी माझा काढला नाही. एवढंच.

वरुण्याचं हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकडी. मालकानं गुंडेरावांना बघून पुडीचा डबा खाली काढला. "डब्यात एवढीच उरलीय, यजमान. तुमच्याच पुडीची पाजतो सगळ्यांना." मागच्या गोठ्यातून ताजं दूध आलं, माझ्या डोळ्यांदेखत तापलं, वर आलं, उतरलं. कुठं लागलं नाही. पेला हातात आला. मी नाकाशी नेला.

तोच वास. सकाळचाच.

दूध नव्हतंच ते. ही पूड होती.

"छान आहे," सुष्मा म्हणाली. जयवंतीनं मान हलवली. मालक म्हणाला, "यजमानांची पूड म्हणजे काय विचारता." सगळे त्या माणसाच्या तोंडाकडे बघत छान म्हणत होते. आणि मी... मी पेला धरून गप्प.

सासूपुढं मी गप्प बसले नाही, नवरा होते तोवर त्यांच्यापुढं नाही, मुलीच्या लग्नात जावयाच्या काकाला भर मांडवात ऐकवलं. आणि आज एका अर्ध्या दिवसाच्या ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलेना. सांगावं, तर संध्याकाळी त्यांच्याकडे एवढीच एक गोष्ट उरली होती, की पूड चांगली आहे, जग बदललं. ती मी काढून घ्यायची?

"तुम्ही काही बोलत नाही," गुंडेराव म्हणाले.

"काय बोलू?"

"खरं असेल ते. दुपारपासून बोलताय तसं."

"साकु, भागी," सुष्मा कानाशी पुटपुटली. "पुरे. चल आता."

मी पेला खाली ठेवला. "करपलीय," मी म्हटलं. "सकाळीही दूध लागलं नव्हतं. तुम्ही बिया जास्त भाजताय, गुंडेराव. पाकिटांनी नाही नेलं तुमचं गिऱ्हाईक."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्यांनी मालकाकडे बघितलं. मालकानं फडका उचलला आणि स्वच्छ बाकडं पुसायला लागला. तेच उत्तर.

गुंडेराव उठले, शेडच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी मनात म्हटलं, झालं. बोललीस, आता बस घरी.

मग वळले. डोळे ओले होते की पावसाचं पाणी, मी बघितलं नाही.

"कच्ची राहील म्हणून भ्यायचो," म्हणाले. "रंग बघायचो, आवाज ऐकायचो, तरी भरवसा वाटायचा नाही. मग आणखी थोडी... आणखी थोडी. सगळे छान म्हणायचे." थांबले. "म्हणजे बिया चांगल्या आहेत. हात चांगला आहे. फक्त नाक नाही."

"फक्त नाक नाही," मी म्हटलं.

"उद्या सकाळी शेवटची भाजणी लावतोय. याल?"

"मला नोकरीला ठेवताय?"

"तुम्हाला कोण ठेवणार? तुम्हीच माणसं कामाला ठेवाल."

"मग काय म्हणून येऊ?"

ते मिशीवरून बोट फिरवत राहिले. सुष्मा आणि जयवंती दोघीही अगदी मन लावून पाऊस बघत होत्या.

"ते तुम्हीच सांगा," शेवटी म्हणाले. "मी बोललो तर गोड बोलेन. तुम्ही बोललात तर खरं असेल."

"बरे वाटता तुम्ही मला," मी म्हटलं. हे वाक्य मी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, त्यांनी कधी विचारलंच नाही. "सकाळपासून बरे वाटताय."

*

लष्कर मोहल्ल्यातलं दुकान चिंचोळं, आत भाजायचं लोखंडी पिंप, खाली आग, बाजूला दांडा. गुंडेरावांनी बिया ओतल्या आणि दांडा फिरवायला लागले. मी स्टुलावर बसले. आधी ओल्या गवताचा वास आला. मग भाकरी फुगताना येतो तसा. मग बिया तडतडायला लागल्या आणि वास गडद झाला, गोडसर... मी पुढं वाकले.

"बियांकडे बघा," मी म्हटलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बियांकडे बघून काय झालं, ते तुम्हीच प्यायलात. आता?"

"थांबा."

"आता?"

"सांगते ना. थांबा... थांबा... आता."

त्यांनी पिंपाकडे न बघता दांडा उलटा केला. बिया जाळीवर कोसळल्या, तांबूस, चमकत्या, आणि तो वास सगळ्या दुकानात, बाहेर रस्त्यावर गेला. समोरचा वेल्डिंगवाला हातातलं काम टाकून दाराशी आला. "यजमान, आज काय भाजलं?" म्हणाला. गुंडेरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुपारी कव्हरवाला आला. तरुण, टापटीप, हातात मोजायची टेप. मी त्याला कॉफी दिली. तो प्याला, पेल्यात बघितलं, उरलेली सावकाश प्याला आणि टेप खिशात घातली.

"म्हणजे दुकान देत नाही तुम्ही?" त्यानं कन्नडमध्ये गुंडेरावांना विचारलं.

"नाही."

"आणि ह्या अम्मा तुमच्या कोण?"

गुंडेरावांनी पळी उचलली आणि डब्यातली पूड उगीच ढवळायला लागले.

"होणारी बायको," मी म्हटलं.

गुंडेरावांच्या हातातली पळी डब्यात पडली. कव्हरवाला नमस्कार करून निघून गेला, जाताना पावशेर पूड घेऊन गेला.

"काय?" मी विचारलं. "खोटं सांगितलं?"

"नाही... पण तुमच्या घरी? मुलगे, सुना... त्यांना आधी विचारायला पाहिजे ना?"

"विचारायचं काय?" मी डब्यातली पळी काढून पुसली. "सकाळी निघतानाच सांगून आलेय."