त्रेचाळिसावी सूचना

उच्चदाब प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन राखाडी डबे होते. एकात सात वर्षांचं संशोधन होतं आणि दुसऱ्यात काहीच नव्हतं. कागदोपत्री दुसऱ्याची कामगिरी सरस होती, आणि चारुता भालेरावचा सगळा प्रश्न हाच होता.

दुसऱ्या दिवशी तिची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा होती. नोंदणीची वाढवून घेतलेली, मग पुन्हा वाढवून घेतलेली मुदतही दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. बाहेरून आलेले परीक्षक डॉ. फटांगरे आदल्या दुपारीच प्रयोगशाळेत हजर झाले. डब्यांकडे बराच वेळ बघून त्यांनी तिला सगळं साध्या शब्दांत सांगायला सांगितलं.

"रोहित्रात, म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात त्यात, तांब्याच्या तारेवर कागद गुंडाळलेला असतो आणि सगळं तेलात बुडवलेलं असतं," चारुता म्हणाली. "कागद म्हातारा झाला की आत बारीक ठिणग्या उडायला लागतात. मी त्यांना अंशस्फुल्लिंग म्हणते. त्यांचा आवाज आपल्याला येत नाही, या डब्यातल्या पूर्वसूचकाला येतो. त्यावरून तो सांगतो, की हे रोहित्र चालू राहिलं तर अजून किती मिनिटांनी फुटेल."

"आणि त्याने सांगितलं की?"

"उगले मामा येऊन दुरुस्त करतात."

"मग ते फुटत नाही."

"नाही."

"म्हणजे भाकीत चुकलं," फटांगरे म्हणाले आणि वहीत तसं लिहिलं.

आतापर्यंत पूर्वसूचकाने एक्केचाळीस सूचना दिल्या होत्या आणि एक्केचाळीसही चुकल्या होत्या. तो मुख्य इमारतीच्या रोहित्राला जोडलेला होता. तुलनेसाठी दुसरा डबा ग्रंथालयाच्या रोहित्राला जोडला होता; दोन्ही रोहित्रं एकाच दिवशी विकत घेतलेली होती. समितीच्या आग्रहावरून तो आतून रिकामा ठेवला होता, फक्त रंग तोच दिला होता. रिकाम्या डब्याने तीन वर्षांत एकही सूचना दिली नाही आणि ग्रंथालयाचं रोहित्र एकदाही फुटलं नाही. शंभर टक्के अचूक. शिवाय त्याला वीज लागत नव्हती. संस्थेच्या संचालक मॅडमनी असे चारशे रिकामे डबे कुठे मिळतील याची चौकशी सुरू केल्याचं चारुताच्या कानावर आलं होतं.

फटांगरे माणूस वाईट नव्हते. उद्या पाचपर्यंत यंत्राचं एक, फक्त एक भाकीत खरं ठरू दे, मी सही करतो, असं ते म्हणाले. त्याच वेळी पूर्वसूचकाने बेचाळिसावी सूचना छापली. मुख्य इमारत, उद्या, अकरा वीस.

चारुता धावत उगले मामांकडे गेली. मामा संस्थेचे सगळ्यात जुने वायरमन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. ते पाना पुसत उठलेच होते. तिने त्यांना बसवलं आणि या वेळी हात लावू नका म्हणून विनवलं. कुंपण घालू, जवळ कुणाला जाऊ देणार नाही, पण त्याला फुटू दे. ग्रंथालयाचं रोहित्र बघा, त्याला कुणी हात लावत नाही, तरी...

"लावतो की," मामा म्हणाले. "हात तेलाचे झालेलेच असतात, म्हणून पलीकडचंही उघडून बघतो. एकाचं केलं आणि दुसऱ्याचं नाही, हे बरं दिसत नाही."

"तीन वर्षं?"

"दर वेळी. त्याचाही सांधा सैलच असायचा."

चारुता जमिनीवर बसली. तीन वर्षांचा तुलनात्मक प्रयोग एका माणसाच्या भिडस्तपणाने मोडीत काढला होता. ती रडत नाहीये हे मामांना पटेना, म्हणून त्यांनी चहा मागवला, आणि चहा संपेपर्यंत उद्या हात न लावण्याचा शब्द दिला. मशीन ओरडत असताना नुसतं बसून राहायचं त्यांना जड जाणार होतं. तसं ते म्हणालेही.

दुसऱ्या दिवशी अकराला परीक्षा सुरू झाली. समितीचे पाचही सभासद घड्याळाकडे बघत होते. चारुता आकृत्या दाखवत होती आणि मनातून स्फोटासाठी प्रार्थना करत होती. आपण इंजिनीअर झालो तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले होते हे तिला उगीचच आठवलं. अकरा चौदाला तिने खिडकीतून खाली पाहिलं. कुंपण जागेवर होतं. कुंपणाच्या आत, रोहित्रापासून हातभर अंतरावर, प्लास्टिकच्या खुर्चीत उगले मामा बसले होते.

ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पोचली.

"मामा, उठा तिथून."

"हात लावलेला नाही. शब्द दिलाय."

"फुटणार आहे ते!"

"माहितीये. तुझं मशीन कधी खोटं बोलत नाही. सत्तावीस वर्षं सांभाळलंय मी याला, शेवटच्या घटकेला एकटं नाही सोडवत." मग म्हणाले, "तू वर जा. परीक्षा चालू आहे ना?"

त्यांना ओढून उठवणं तिला शक्य नव्हतं. त्यांचं वजन ब्याऐंशी किलो होतं आणि मत त्याहून जड. तिने घड्याळ पाहिलं. अकरा सतरा. सात वर्षं म्हणजे मिनिटं किती, हा हिशेब तिने केला नाही. तिने मुख्य स्विच खाली ओढला.

वर परीक्षेच्या दालनातले पंखे थांबले. अकरा वीस झाले. काहीही झालं नाही.

फटांगरेंनी बेचाळीस हा आकडा लिहिला. मामांनी झाकण उघडून काळ्या पडलेल्या सांध्याचा फोटो वर पाठवला, तोही त्यांनी चष्मा लावून पाहिला. जुन्या रोहित्रात काळा सांधा असतोच, म्हणाले. जळलं असतं तर जळलं म्हणून लिहिलं असतं. मग चारुताचा चेहरा पाहून त्यांना दया आली.

"तुमचं यंत्र चुकांवरून शिकतं, असं प्रबंधात लिहिलंय."

"शिकतं. पण चाचणी निःपक्षपाती राहावी म्हणून समितीने शिकणं बंद ठेवायला सांगितलं होतं."

"मग आता चालू करा. बेचाळीसही निकाल द्या त्याला. पाचपर्यंत वेळ आहे."

पूर्वसूचकाला बॅटरीवर शिकायला सहा मिनिटं लागली. ठिणग्यांचा आवाज कितीही मोठा असला तरी रोहित्र फुटत नाही, हे बेचाळीस उदाहरणांनी त्याला पटवलं. एकही उदाहरण उलट नव्हतं. मग त्याने त्रेचाळिसावी सूचना छापली. मुख्य इमारत, आज पाचपर्यंत, बिघाड नाही.

"आता बोलला," फटांगरे खुश होऊन म्हणाले. संचालक मॅडमनी लगेच वीज चालू करायचा हुकूम दिला. दालनात उकडत होतं.

चारुताला त्या कागदाचा अर्थ फटांगरेंच्या आधी कळला. रोहित्राचं तीन मिनिटांचं आयुष्य शिल्लक होतं. वीज चालू केली तर पंखे तीन मिनिटं फिरतील, रोहित्र फुटेल आणि यंत्राचं हे भाकीतही चुकेल. ते खरं ठरवायचा एकच मार्ग होता.

ती खाली गेली तेव्हा मामांनी स्विचला कुलूप लावून किल्ली खिशात घातली होती आणि सगळ्यांना ती सापडत नसल्याचं सांगत होते. त्यांनी तिच्या हातात पाना दिला. चारुताने रोहित्राचा सिद्धांत सात वर्षं अभ्यासला होता, पण त्याचा सांधा आज पहिल्यांदा आवळला. दोनदा चुकीच्या बाजूला फिरवला. चार वाजता मामांना किल्ली सापडली. मग ते दोघे ग्रंथालयाकडे गेले, हात तेलाचे झालेलेच होते म्हणून.

पाच वाजता दोन्ही रोहित्रं शांतपणे गुणगुणत होती. फटांगरेंनी सही केली आणि तिचा तेलकट हात हातात घेऊन तिला डॉक्टर भालेराव म्हटलं. यंत्राला अखेर वास्तव समजलं, हा त्यांचा शेरा कार्यवृत्तात गेला. संचालक मॅडमनी रिकाम्या डब्यांऐवजी चारशे पूर्वसूचक घ्यायचं जाहीर केलं. सगळे आजचं शिकलेलेच हवे होते, आधीचे नकोत. आणि काहीच बिघडणार नसेल तर दुरुस्ती विभाग कशाला, म्हणून तो महिनाअखेरीस बंद करण्याचा ठरावही झाला. टाळ्या वाजल्या.

प्रयोगशाळेत पूर्वसूचकाने चव्वेचाळिसावी सूचना छापली. उद्या, बिघाड नाही.

मामांनी कागद हातात घेऊन वाचला. उलटा करून मागची बाजूही बघितली.

"मग आता ओरडणार कोण?" त्यांनी विचारलं.

यंत्राचे कान अजून शाबूत होते, हे चारुताला माहीत होतं. त्याला सगळ्या ठिणग्या ऐकू येत होत्या. फक्त आता तो त्या कुणाला सांगणार नव्हता, आणि त्याला तसं शिकवणाऱ्या प्रबंधावर तिचं नाव होतं.

"उद्या कितीला येतेस?" मामा म्हणाले.

"सहाला," डॉक्टर भालेराव म्हणाली, आणि पाना पिशवीत टाकला.