इलोनाच्या ओळी

ब्र्नो शहरात आमचा लहानसा गट अंधांसाठी एक प्रोग्रॅम सांभाळतो. तो चेक भाषेतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. पगार कुणालाच नाही, कोड सगळ्यांसाठी खुला. इतकी वर्षं तो आमच्यातल्या ओटाकरच्या तळघरातल्या मशीनवर होता. ते मशीन कुरकुरायला लागलं, तेव्हा असे शेकडो प्रकल्प जिथे एकत्र नांदतात, त्या सामायिक ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर आम्ही बिऱ्हाड हलवलं.

रविवारी सकाळी काम पार पडलं. नव्या जागी कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. माझ्या ओळींशेजारी इलोना ह्रुश्कोवा होती.

या नावाचं आमच्यात कुणी नव्हतं.

मी तळघरात जाऊन जुनं मशीन चालू केलं. कालपर्यंत तिथे माझं नाव होतं. आता तिथेही इलोनाच.

जेवायला आम्ही कोपऱ्यावरच्या खानावळीत बसलो. ओटाकर लसणाचं सूप भुरकत होता.

"नावांची जोडणी चुकलीय," मी म्हटलं. "उच्चारांचा सगळा भाग मी लिहिलाय, ओटा."

"तू चाचण्या करायचीस, ब्रोन्या. उच्चार इलोनाचे." त्याने पाव मोडला. "आई हॉस्पिटलात होती तिची. उशाशी बसून लिहिलं बिचारीने. विसरलीस?"

विसरले नव्हते. खिडकीखाली ट्राम वळायची, चाकं किंचाळायची आणि आई झोपेतच कपाळाला आठ्या घालायची. तिला एकेक शब्द ऐकवत मी ते उच्चार बसवले होते.

"दिसते कशी ती?"

ओटाकरने चमचा खाली ठेवला. "भांडलात का तुम्ही दोघी?"

राग यायला हवा होता. आला नाही. दात काढल्यावर आपलाच गाल परक्याचा वाटतो, तसं सगळं अंग झालं होतं.

थांब्यावर येऊन मी बाबांना फोन लावला. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात.

"बाबा, हॉस्पिटलात आईजवळ कोण बसायचं?"

पलीकडे बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.

"तू नव्हतीस," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती.

"मग कोण?"

"हळू बोल जरा. आत्ता कुठे डोळा लागलाय इलोनाचा. तुझ्याच खोलीत निजलीय."

समोर ट्राम थांबली. दारं उघडली, मिटली.

"बरं," मी म्हटलं. आवाज अगदी खाली आणून.