पिंगी आणि बिघडलेलं चित्र

"सुके, पळ! पिंगी पडलीया!"

कुंपणापलीकडून आईची हाक आली आणि सुकन्याच्या हातातला ब्रश थेट मातीत पडला. ती धावत सुटली. तिच्यामागे ऋतुराज, त्याच्यामागे महेश्वरी आणि सगळ्यात शेवटी एकाच पायात चप्पल घातलेल्या रेश्माताई!

सुकन्याचं घर शाळेच्या अंगणाला लागूनच होतं; त्यांची शेळी पिंगी कुंपणातून कधीही शाळेत शिरायची. दारातल्या बाभळीखाली पिंगी आडवी पडली होती. तोंडाला फेस आला होता, पाय थरथरत होते. तिची दोन करडं काही न कळून कासेला ढुशा देत होती. सुकन्याच्या आईनं, बजाबाईनं, पिंगीचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"ताई, तुमच्या त्या निळ्या औषधानं चालली माझी शेळी!" ती रडत म्हणाली.

सुट्टी लागल्यापासून रेश्माताई मुलांना सायनोटाइप शिकवत होत्या. दोन औषधं पाण्यात मिसळून कागदाला फासायची, कागद अंधारात वाळवायचा, वर पान, फूल, किल्ली, हवं ते ठेवायचं आणि उन्हात मांडायचं. नंतर कागद पाण्यात धुतला, की ऊन लागलं तिथं गडद निळं आणि सावली पडली तिथं पांढरं! ना कॅमेरा, ना मोबाइल! "ऊन तर सोलापुरात ढिगानं हाय, बाहेरगावी विकू या की!" असं ऋतुराज रोज एकदा तरी म्हणायचाच.

पण धुतलेलं पाणी खड्ड्यात ओतायचं, उघडं ठेवायचं नाही, हा ताईंचा पहिला नियम होता. आज सकाळी ऋतुराजशी भांडण्याच्या नादात सुकन्या तो साफ विसरली. मघाशी तिनं पाहिलं, तर त्या पाण्याचं घमेलं कलंडलेलं! पाणी मातीत मुरलं की पिंगीच्या पोटात गेलं, कोण सांगणार?

शेजारच्या टॉवेलच्या कारखान्याच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. ते सुपरवायझर चनमल्लप्पा होते.

"अय्यो शिवा! मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, पोरांच्या हातात विष देऊ नका म्हणून! थांबा, मुख्याध्यापकांनाच फोन लावतो. वर्ग बंद!"

रेश्माताई काही सांगायला पुढं झाल्या. तेवढ्यात आईनं बोलावलेले जनावरांचे डॉक्टर जोतीराम मोटारसायकलवरून आले. त्यांनी पिंगीच्या छातीला नळी लावली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काय खाल्लंय हिनं?"

सुकन्याला ते कलंडलेलं घमेलं आठवलं. बोललं तर आई काय म्हणेल? आणि नाही बोललं, तर पिंगी?

"डॉक्टर, औषधाचं पाणी म्या उघडं ठेवलं हुतं. माझी चूक हाय. तिनं पिलं असंल."

आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. धपाटा परवडला असता!

डॉक्टरांनी ताईंकडून औषधांची पाकिटं मागवून वाचली. "छे! त्या पातळ पाण्यानं फार तर पोट बिघडेल. हिच्या काळजाचे ठोके चुकताहेत. हा कुठल्यातरी पाल्याचा प्रताप आहे. कोणता ते शोधा, लवकर! उगाच भलतं इंजेक्शन दिलं, तर आहे ती शेळीही जाईल."

तिघा मुलांनी शाळेचं अंगण पालथं घातलं. धूळ, खडे आणि एक फुटका चेंडू. पाला औषधालाही नव्हता!

"आता काय करायचं गं?" सुकन्याला रडू फुटलं.

महेश्वरी मात्र वाळत घातलेल्या चित्रांसमोर थबकली होती. बिघडलेलं चित्रसुद्धा फेकायचं नाही, हा ताईंचा दुसरा नियम. त्यामुळे सुकन्याचं सकाळचं चित्र दोरीवर लटकत होतं. तिनं कारखान्याच्या भिंतीजवळ उन्हात कागद मांडून वर बांगड्या ठेवल्या होत्या. परत येऊन बघते, तर बांगड्या विस्कटलेल्या आणि कोपरा फाटलेला! त्यावरूनच तर ऋतुराजशी भांडण झालं होतं.

"सुकन्या," महेश्वरी हळूच म्हणाली, "हा कोपरा फाटलेला नाही. चावलेला आहे!"

"बघ! मी म्हटलं हुतं ना, मी हात बी लावला न्हाय!" ऋतुराज ओरडला.

"गप रे! आणि हे काय?" महेश्वरीनं चित्रावर बोट ठेवलं.

बांगड्यांच्या पांढऱ्या गोलांमध्ये लांबट, टोकदार पानं उमटली होती. प्रत्येक पेराला तीन-तीन. ती बांगड्यांसारखी पांढरीशुभ्र नव्हती, फिकट निळी होती.

"म्हंजे पानं आधी कागदावर हुती," सुकन्या डोळे पुसत म्हणाली, "मग कुणीतरी उचलली, आणि त्या जागेला थोडंच ऊन लागलं. पर उचलली कुणी?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पिंगीनं!"

सुकन्यानं मान वर केली. कारखान्याच्या भिंतीवर कालपर्यंत गुलाबी फुलं डुलत होती. आज तिथं झाडाचा शेंडाही दिसत नव्हता!

चनमल्लप्पा एव्हाना शाळेच्या फाटकाशी येऊन फोन लावतच होते. 'तुमच्या झाडानं शेळी मरतीया' म्हटलं, तर ते कानावर हात ठेवणार, आणि डॉक्टरांना तर झाडाची खात्री हवी होती, हे सुकन्यानं ओळखलं. ती गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमच्या झाडाचं चित्र लई झ्याक आलंय! बघा की!"

काकांची कळी खुलली. फोन खाली आला. "अरे वा! माझ्याच हातची कण्हेर आहे ही! आज सकाळीच छाटून घेतली. आधी बोलायचं की, ढीगभर फांद्या दिल्या असत्या! चार-दोन फांद्या उडाल्याच असतील तुमच्याकडं…"

बोलता बोलता त्यांची नजर पिंगीवर गेली.

"कण्हेर!" डॉक्टर उठलेच. "ऐकलंत ना? विष शोषायला कोळशाची पूड आणा माझ्या पेटीतली! पाणी आणा!"

मग वाट बघणं सुरू झालं. काळं पाणी पाजून झालं, इंजेक्शनं झाली, ऊन भिंतीवर चढलं. करडं ओरडून दमली. आई पिंगीची मान चोळत होती आणि सुकन्याला पिंगीच्या पोटाखेरीज काही दिसत नव्हतं. ते हलतंय ना? हलतंय. आता? आता बी हलतंय.

दिवेलागणीला पिंगीनं कान झटकले. मग पुढचे पाय टेकले, मग मागचे, आणि ती झोकांड्या खात उभी राहिली! दोन्ही करडं एकदमच तिच्याखाली शिरली.

"वाचली!" डॉक्टरांनी घाम पुसला. "आणखी मूठभर पाला पोटात गेला असता, तर माझ्या हाताबाहेर होतं. पोरांनो, आज अर्धी डॉक्टरकी तुम्ही केलीत!"

चनमल्लप्पा खाली मान घालून पुढं आले. "ताई, वर्ग चालू द्या. मुख्याध्यापकांना मीच सांगतो. आणि बजाबाई, ती कण्हेर मी उद्याच मुळासकट काढतो."

सुकन्या आईपासून लांबच उभी होती. आईनंच तिला जवळ ओढलं.

"पाणी उघडं ठेवलंस, त्याचा धपाटा बाकी हाय," आई म्हणाली. "पर समद्यांम्होरं खरं बोललीस. तितंच माझा राग निम्मा झाला, पोरी."

सुकन्या तिच्या पदरात तोंड खुपसून मनसोक्त रडली. मग आईनं ते चावलेलं चित्र मागून घेतलं आणि घरात देवाच्या फोटोशेजारी लावायला निघाली. खिळा ठोकायला ऋतुराज पुढं झाला.

"थोडा वर ठोक रं," आई म्हणाली, "न्हायतर पिंगी ऱ्हायलेलं बी खाईल!"