नात्याचा रकाना

"नातं का आहे?" 'काय'ला 'का' म्हणणाऱ्या उदाराम चौकीदारानं वही पुढं सरकवली आणि रुचिकाचं डोकंच भडकलं.

दोन हजार आठ सालची गोष्ट. वैनगंगेकाठच्या उद्यानात ती आली होती ती खडकासाठी. नागपूरला भूगर्भशास्त्र शिकलेली पोरगी. नदीतल्या अडीचशे कोटी वर्षांच्या खडकाची माहिती पाटीसाठी लिहून द्यायला तिला बोलावलं होतं. फाटकातून तिच्या मागोमाग एक उंच, सावळा तरुण आत शिरला, एवढाच काय तो गुन्हा!

"मी यांना ओळखतसुद्धा नाही!"

"सारेच असं म्हणतेत. जोडीनं आलं का लिहाच लागते."

झोके, घसरगुंडी, पायडल बोटी सगळ्यांना मोकळ्या, आणि तरुण पोरापोरीनं नुसतं सोबत चाललं की चौकशी! 'काही नाही' असं तिनं इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला. तो मात्र गालात हसत होता.

"हसता काय?"

"मी प्रफुल्ल, पेंटर. तुमची पाटी मलेच रंगवाची आहे, मॅडम."

झालं! आठ दिवस ती सांगायची, तो अक्षरं काढायचा. खडकातले रांजणासारखे खळगे पाण्यानं गोटे फिरवून कोरले, हे ऐकून त्याचा ब्रश हवेतच थांबला.

"एवढा कडक दगड... नुसत्या पाण्यानं?"

"रोज रोज आलं की होतं," ती म्हणाली, आणि उगाचच नदीकडे बघू लागली.

रोज फाटकावर उदाराम, रोज तिचा संताप, रोज 'काही नाही'.

नवव्या दिवशी पाटी लागली. संध्याकाळच्या गाडीनं ती नागपूरला जाणार होती. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून सकाळपासून वाट पाहत होती ती... तो मात्र ब्रशच धूत बसला. निघताना उदारामनं अडवलं, "सकाळचा रकाना कोराच आहे."

प्रफुल्लनं पेन घेतलं आणि लिहिलं— 'काही नाही'.

"काही नाही?" रुचिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आठ दिवसांनी... काही नाही?"

"तुमीच तं रोज लिहत होत्या!"

"मी चिडून लिहीत होते! तुम्ही तर अगदी सुबक अक्षरात लिहिलंत!"

त्यानं पेन खाली ठेवलं. "तुमी जाऊन राहिल्या, मॅडम... बोललो असतो तं थांबल्या असत्या?"

"नसते थांबले. पण दर रविवारी आले असते!"

प्रफुल्लनं रंगाचा डबा उघडला. 'काही नाही'वर काट मारली आणि ब्रशनं रकानाभर लिहिलं— 'आहे'.

उदारामनं चष्मा सारखा केला. "पण का आहे?"

"तुमाले काऊन पाहिजे?" दोघं एकदमच, एकाच बोलीत कडाडली.