पलीकडे नेणारी माणसं

आमच्या बसथांब्यासमोरचा सिग्नल तुम्ही काढलात, साहेब. गाड्या खोळंबतात म्हणून.

चालणारा खोळंबला तर तुमचं काय जातं? तुम्ही काचा वर करून निघून जाता. तेव्हापासून त्या जागी किती माणसं गाडीखाली गेली, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता पुढचं ऐका. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. खोटं वाटलं तर वाटू दे.

ताई एका दवाखान्यात चादरींना इस्त्री करते. दिवसभर उभी. संध्याकाळी बसमधून उतरते तेव्हा पाय सुजून चपलेत मावत नाहीत. थांबा रस्त्याच्या एका बाजूला, घर दुसऱ्या. मध्ये हा भलामोठा रस्ता, आणि गाडी कुणासाठी थांबेल तर शपथ.

बिनगाडीच्या माणसांनी यावर आपली आपणच तोड काढलीय. एकट्याने उतरायचं नाही. कडेला उभं राहायचं. पाच-सहा जण जमले की कुणीतरी 'चला' म्हणतं आणि सगळे हात आडवा धरून एकदम निघतात. एकट्याला उडवतील, घोळक्याला जरा कचरतात.

भाऊजी तिला चिडवायचे, "हिला रस्ता ओलांडायलासुद्धा वरात लागते."

गेल्या थंडीतला गुरुवार. दिवेलागणीची वेळ, धुकं उतरलेलं. कडेला ताई एकटीच.

बराच वेळ गेला. पाठ मोडून आली होती.

मग मागे... चपला घासल्याचा आवाज.

कुणीतरी खोकलं. पिशवी सळसळली. ताईने वळून पाहिलं नाही. तिथे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, नजर गाड्यांवर असते. माणसं जमली, एवढंच तिला कळलं.

एका बाईचा दमलेला आवाज आला, "चला."

ताई निघाली. अर्ध्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं... एकही हॉर्न वाजत नव्हता. रोज आईबहिणीवरून शिव्या घालणारे आज गप्प होते.

आणि हेडलाइटच्या उजेडात सावली... एकच होती.

तिची.

पलीकडे पोचून ती वळली. मागे कुणीच नव्हतं.

दुसरी कुणी असती तर वाट बदलली असती. पण दमलेल्या माणसाला घाबरायलासुद्धा त्राण लागतं. पुढे ती कडेला एकटी असली की ती माणसं यायची. न चुकता. मला म्हणाली, "भुतं तर भुतं. पलीकडे नेतात ना? जिवंतांनी काय दिवे लावलेत?"

मी हसलो होतो तेव्हा.

महिनाभराने माझी भाची, सात वर्षांची चिमी, आईला आणायला म्हणून घरून गुपचूप निघाली. ताई बसमधून उतरली तर समोर, घराच्या बाजूला, चिमी उभी.

एकटी.

एक हात वर धरलेला... बोटं मिटलेली. कुणाचं तरी बोट धरावं तशी.

ताई जिवाच्या आकांताने ओरडली. गाड्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

चिमीने पाऊल टाकलं.

गाड्या तिच्या पुढून गेल्या, मागून गेल्या. एकानेही ब्रेक मारला नाही. पोर आपली सरळ चालत आली, बागेत फिरून यावं तशी.

ताईने आधी धपाटा घातला, मग पोटाशी धरून रडली. एकटी का आलीस, म्हणून विचारलं.

"एकटी कुठे? तूच सांगितलंयस ना, माणसं जमली की त्यांच्याबरोबर यायचं. केवढी माणसं होती."

मग रस्त्याकडे बघत चिमी म्हणाली, "त्यांनापण घरी जायचंय गं. पण माझं बोट धरलेली ती मावशी म्हणाली, एक जण कमी पडतोय. तो आला की निघणार."

ताई आता तिथे ओलांडत नाही. चिमीला घेऊन त्याच संध्याकाळी ती लांबच्या पुलावरून वळसा घालून घरी आली, आणि आता रोज सुजल्या पायांनी तोच वळसा घालते. भाऊजींनी चिडवणं सोडलंय. दाराला आतून वरची कडी असते.

पण दिवेलागण झाली की चिमी खेळ टाकून खिडकीत जाऊन उभी राहते... एक हात वर धरून.

मी तुम्हाला भूत उतरवायला सांगत नाही, साहेब. सिग्नल परत कधी लावणार, तेवढं सांगा.

आणि तोवर, तो कमी पडणारा एक कोण? तेही तुम्हीच सांगा.