दुसरा तारा

फलीलनाना नीलम बघत ते सकाळीच. बेरुवलच्या बाजारात बाकीचे व्यापारी दिवसभर खडे उन्हात वळवत बसत. नाना मात्र कोवळा उजेड सरला की दुकान आवरायला घेत. "दुपारचं ऊन तोंडपुजं असतं," ते म्हणत. "कुठल्याही दगडाला वाहवा म्हणतं." बोटांच्या बेचक्यात खडा धरून ते आधी रंग बघत. शाईसारखा काळपट, परत. पाण्यासारखा विटका, परत. खोल तरीही जिवंत, मखमलीवरून हात फिरावा तसा निळा दिसला, की नाना बोलत नसत. फक्त खालचा ओठ आत घेत. अख्खा बाजार त्या ओठावर नजर ठेवून असायचा.

निवितिगलच्या खाणीतून आलेला तो गोटा त्यांनी घेतला, तेव्हा सगळे हसले होते.

"नाना, हा नीलम आहे की धुकं?"

"भट्टीत घाला, नाना. तापला की काचेसारखा स्वच्छ होईल."

"तापला की आतलं रेशीम विरघळतं," नाना म्हणाले. "मग निळा रंग राहील, पण तारा मरेल. मला तारा हवाय."

त्या धुक्यात, म्हणजेच रेशमात, केसाहून बारीक सुया एकमेकींना छेद देत पसरल्या होत्या. घुमटासारखी पाठ नीट काढली, तर त्याच सुया उजेडाला धरून सहा किरणांचा तारा करणार होत्या. ते काम एकट्या सिरिपालचं. रत्नपुरला त्याचा खडे घासायचा कारखाना होता, आणि त्याची-नानांची दोस्ती मिसरूड फुटण्याआधीची.

नाना दगड आणायला गेले, तर कारखान्याच्या खिडक्यांना गोणपाटं ठोकलेली. एकच उघडी.

"काय रे, लग्न ठरलंय का तुझं? नवरीसारखा अंधारात बसलायस तो!"

सिरिपाल हसला नाही. त्याने भेरली माडाच्या गुळाचा खडा आणि कोरा चहा पुढे केला आणि दगड नानांच्या तळव्यावर ठेवला.

नानांचा ओठ आपोआप आत गेला. पावसाळी पहाटेच्या आभाळाचा निळा, आणि त्यावर पांढरा तारा. सहाही किरण सरळ, थेट काठापर्यंत गेलेले. तळवा कलला की तारा तेलावरून घसरावा तसा घसरे, पण कुठे तुटत नव्हता. उभ्या आयुष्यात असा दगड नानांच्या हाती आला नव्हता.

"सोनं आहेत तुझे हात," ते म्हणाले. मग थांबले. "आणि हा काठाला कोण?"

तिथे दुसरा तारा होता. इवलासा.

"दुसरी खिडकी उघडी असेल," नाना म्हणाले. एक दिवा, एक तारा. दोन दिवे, दोन तारे. पोरासोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट.

"बाकी सगळ्या बंद केल्यात, नाना. त्याचसाठी," सिरिपाल म्हणाला. "घेऊन जा. आजच घेऊन जा."

घरी येऊन नानांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, भिंतीवरचा आरसा उलटा केला. दुसरा तारा होताच. मग डोळ्यांचीच शंका आली. या डोळ्यांवर घर उभं होतं. ते कळुतरच्या डॉक्टरांकडे गेले. "डोळे पंचविशीतल्या पोराचे आहेत," डॉक्टर कौतुकाने म्हणाले. नाना खिन्न होऊन घरी आले.

त्यांनी बायकोला, नफीलाला, दगड दाखवला.

"अगंबाई, केवढा देखणा!" तिने बॅटरी इकडून तिकडे फिरवली. "दोन आहेत की हो. पण हलतो एकच. दुसरा आपल्याच तंद्रीत चाललाय. जसं काही कुणीतरी वेगळा दिवा घेऊन..."

ती हसत होती. मग तिने बॅटरी विझवली आणि उठून गेली.

दुसरा तारा काठ सोडून वर सरकत होता. रोज थोडा, आणि थोडा मोठा. नाना गिऱ्हाइकांना नेहमी समजावत, की तारा काठाला असेल तर उजेड बाजूला, मधोमध असेल तर उजेड ऐन माथ्यावर. ते आता त्यांनाच आठवत राहिलं. तरी दगड बघितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. तो दिवसेंदिवस सुंदर होत होता.

कोलंबोचं गिऱ्हाईक उद्या येणार, त्या दुपारी आभाळ फाटलं. वीज गेली. बोळ काळोखला.

नाना आतल्या कोठीत गेले. तिला खिडकी नव्हती. दार लावून ते लाकडी पेटीवर चढले आणि पाय पोटाशी घेऊन बसले. उजेड नसेल तर तारा नसणार. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं, की मग तो निव्वळ दगड.

स्वतःचा हात दिसत नव्हता. त्यांनी चाचपडत कागदाची पुडी उलगडली.

पहिला तारा नव्हता.

दुसरा होता. पूर्ण वाढलेला. बरोबर मधोमध.

इतका निळा नानांनी कधी पाहिला नव्हता. क्षणभर ते भीतीही विसरले. ओठ आत गेला.

"अहो," दाराबाहेरून नफीलाचा आवाज आला, "मेणबत्ती लावलीत का? फटीतून उजेड येतोय."

नानांभोवती मिट्ट काळोख होता.

"आणि येरझाऱ्या कसल्या घालताय? पायांच्या सावल्या दिसतायत मला, इकडून तिकडे, तिकडून इकडे."

नानांनी पाय आणखी जवळ ओढले.

"हं," नफीला म्हणाली, "आता थांबलात."